एक उगम, अनेक पडदे

ज्या गावाच्या उशाला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, उल्कापाताने कोरलेले विवर आहे आणि जिथल्या मुलांना पायाखालची जमीन एकाएकी खोल उतरत जाते हे भूगोलाच्या पुस्तकाआधी डोळ्यांनीच कळते, त्या लोणारला चंद्राविषयी इतर गावांहून थोडी अधिक आपुलकी वाटावी, हे स्वाभाविक आहे. दख्खनच्या पठारावरचा काळा बेसाल्ट फोडून झालेले हे विवर ज्वालामुखीचे की उल्केचे, हा जुना वाद होता; १९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकात फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधाने तो उल्केच्या बाजूने निकालात निघाला. बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेली विवरे पृथ्वीवर फार थोडी, आणि चंद्रावरचे जे काळे डाग आपण लहानपणी ससा म्हणून पाहतो ती भूमी तर बेसाल्टचीच. म्हणून चंद्रावरून आणलेल्या मातीचा अभ्यास करणाऱ्यांना आमच्या तळ्याकाठच्या मातीतील वितळून गोठलेल्या काचकणांत मोठे स्वारस्य वाटले. आमच्या गावाचे चंद्राशी असे दूरचे, पण खरे नाते आहे.

२३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी चांद्रयान-३ चे विक्रम हे अवतरण-यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरणार आणि भारतीय अंतराळ संशोधन संस्था त्या प्रसंगाचे बंगळूरहून थेट प्रक्षेपण करणार, हे जाहीर झाले, तेव्हा ज्या शाळेत मी उमेदीची सारी वर्षे पदार्थविज्ञान शिकवले, त्या शाळेने सर्व मुलांना पालकांसह सायंकाळी पुन्हा बोलावण्याची तजवीज केली. इंटरनेटची भरवशाची जोडणी मुख्याध्यापकांच्या दालनात, ती एकच, संगणक एक, आणि पाहणारे इतके, की सभागृहात त्यांतले निम्मेही मावले नसते. सभागृहात एक जुना प्रोजेक्टर होता, दोन वर्गांत भिंतीवरचे मोठे टीव्ही होते, आणि व्हरांड्यात पालकांसाठी मांडायला एका पालकाने घरचा टीव्ही आणून दिला होता. या चारही पडद्यांवर एकच चित्र, एकाच क्षणी आणि सारख्याच स्वच्छतेने कसे उमटवावे, असा प्रश्न मुख्याध्यापकांनी निवृत्त झालेल्या मला बोलावून विचारला. मला तो प्रश्न मनापासून आवडला. कारण एका उगमाला अनेक पडदे जोडण्याचा हा उद्योग मी लहानपणापासून निरनिराळ्या रूपांत पाहत आलो आहे, आणि तो जितका तारांचा तितकाच न्यायाचा प्रश्न आहे, अशी माझी दीर्घकाळची धारणा आहे.

आमच्या बालपणी उगमही एक असे आणि पडदाही एकच. पण त्या एका पडद्याचे दोन पडदे करण्याची युक्ती लोकांनी आपली आपण शोधून काढली होती. जत्रेत तंबूचा सिनेमा येई, किंवा सरकारी प्रचारगाडी चावडीसमोरच्या पटांगणात दोन बांबूंच्या मध्ये पांढरे कापड ताणी, आणि पुढची जागा भरली की उशिरा आलेली मंडळी कुरकुर न करता कापडाच्या मागे जाऊन बसत. मागून चित्र उलटे दिसे. अक्षरे आरशातल्यासारखी, आणि उजव्या हाताने तलवार उपसणारा योद्धा मागच्यांना डावखुरा दिसे. त्या पातळ कापडातून जेवढा प्रकाश आरपार येई तेवढाच त्यांच्या वाट्याला. तरीही कथा त्यांना पुरी कळे, आणि पुढचे हसले की मागचेही त्याच क्षणी हसत. या एकाच क्षणी हसण्याचे मोल मला तेव्हा कळले नव्हते. पुढे तारांचे आणि यंत्रांचे युग आले, तेव्हा ते हळूहळू ध्यानात आले.

शहरांतून याच गरजेला दुसरे उत्तर सापडले होते. चित्रपटाची एक प्रत, म्हणजे रिळांचा एक संच, आणि ती दाखवायला दोन चित्रगृहे. तेव्हा पहिल्या चित्रगृहातला खेळ दुसऱ्याच्या आधी सुरू करायचा आणि एकेक रीळ संपले की सायकलवरच्या माणसाने ते डब्यात घालून दुसरीकडे पोचवायचे. दोन हजार फुटांचे रीळ सुमारे बावीस मिनिटे चालते. तेवढ्या अवधीत, वाटेत रेल्वेचे फाटक लागो की पावसाची सर येवो, त्याने पोचलेच पाहिजे, नाही तर दुसऱ्या चित्रगृहात अंधार पसरे आणि शिट्ट्या सुरू होत. त्या सायकलस्वारांचा उल्लेख चित्रपटाच्या इतिहासात कोणी आवर्जून केलेला मी पाहिला नाही. पण एका चित्राला दोन पडद्यांवर नेण्याचे काम जी माणसे देहाने करीत होती, त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो. पुढे २००५ पासून 'यूएफओ मूव्हीज'सारख्या कंपन्यांनी उपग्रहावरून चित्रपट थेट चित्रगृहांपर्यंत पोचवायला आरंभ केला, आणि तालुक्याच्या चित्रगृहालाही मुंबईबरोबरच पहिल्या शुक्रवारचा मान मिळू लागला. सायकलवरचा तो माणूस मात्र त्या बदलात निमूटपणे नाहीसा झाला.

गावात तारेने पडदे जोडण्याचा पहिला अनुभव आला तो व्हीसीआरच्या दिवसांत. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले, त्याच सुमारास लग्नाला, बारशाला किंवा गणपतीच्या दहा दिवसांत एखाद्या रात्री रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट भाड्याने आणण्याची पद्धत पडली. आमच्या आळीतल्या एका मोठ्या वाड्यात पुरुष अंगणात आणि स्त्रिया मागच्या चौकात बसत. म्हणून दोन टीव्ही आणि व्हीसीआर एकच. जोडणाऱ्याने व्हीसीआरच्या पाठीमागून निघालेल्या तारेला चाकूने सोलून, तिला दुसऱ्या तारेचा पीळ देऊन, वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. अंगणातले चित्र बरे होते. चौकातल्या टीव्हीवर मात्र प्रत्येक माणसाच्या उजव्या कडेला त्याचीच एक फिकट सावली उभी, आणि साऱ्या चित्रावर मुंग्या. स्त्रियांनी रात्रभर तेच पाहिले. कोणी तक्रार केली नाही, कारण जे चित्र दिसते ते असेच असते, अशीच त्यांची समजूत होती.

त्या सावलीचे कारण मी पुढे वर्षानुवर्षे वर्गात फळ्यावर काढून सांगत आलो. तारेतून धावणारा तरंग, जोड बेतालपणे घातला असेल किंवा तार जिथे संपते तिथे तिला योग्य रोध मिळाला नसेल, तर काही अंशी मागे परततो, पुन्हा पुढे येतो, आणि मूळ तरंगाच्या मागोमाग उशिरा पडद्यावर पोचतो. तीस मीटर तारेतून जाऊन यायला त्याला सुमारे ०.३ मायक्रोसेकंद लागतात. जुन्या टीव्हीत चित्राची एक आडवी रेघ ५२ मायक्रोसेकंदांत काढली जाई, आणि वीस इंची टीव्हीचा पडदा सुमारे चाळीस सेंटिमीटर रुंद असे. तेव्हा त्या विलंबाची सावली मूळ आकृतीपासून दोनअडीच मिलिमीटर सरकून उमटते. हा हिशेब मांडला की मुले थक्क होत. काळाचा इतका सूक्ष्म तुकडा डोळ्यांना लांबीच्या रूपाने दिसतो, ही गोष्ट आहेच तशी विलक्षण. भारी प्रतीच्या मॉनिटरांना या दोषावर उपाय म्हणून पाठीमागे पंचाहत्तर ओहमच्या रोधाचे एक बटण असे. पडद्यामागून पडदा अशी साखळी केली, तर मधल्या सर्वांचे बटण बंद ठेवायचे आणि केवळ शेवटच्याचे चालू. शेवटचा विसरला तर चित्र भडक होऊन सावल्या पडत. मधल्या एखाद्याचेही चालू राहिले तर साऱ्यांचेच चित्र मंदावे. साऱ्या साखळीची शुद्धता शेवटच्या पडद्याच्या एका लहानशा बटणावर अवलंबून असावी, यावर मी पुष्कळदा विचार करीत बसलो आहे.

मग केबल आली. गच्चीवर डिश, खालच्या खोलीत यंत्रे, आणि विजेच्या खांबांवरून व आंब्यांच्या फांद्यांतून गेलेली काळी तार. १९९५ च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स अधिनियमाने तिला कायद्याचे रूप दिले, पण तिचे खरे नियम विद्युत्शास्त्राचे होते आणि त्यांत सवलत नव्हती. जोड दोन वाटांचा केला की प्रत्येक वाटेला निम्मीच शक्ती जाते, चार वाटांचा केला की जेमतेम पाव. आमच्या येथील धारेच्या गोमुखातून अहोरात्र पडणारे पाणी जसे जितक्या पाटांत वाटावे तितके प्रत्येक पाटात कमी भरते, तसाच हा व्यवहार. कमी पडले की मध्ये अँप्लिफायर बसवावा. पण तो चित्राबरोबर वाटेत शिरलेला कचराही तितकाच मोठा करतो, आणि म्हणून लाइनीच्या टोकाला असलेल्या वस्तीत, जिथे पाचसहा अँप्लिफायर ओलांडून चित्र पोचे, तिथे ते नेहमी मुंग्यांनी भरलेले असे. वर्गणी मात्र सर्वांची सारखी. गावाच्या टोकाला कोणाची घरे असतात हे महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. आणि मुंग्यांचा हा नकाशा गावच्या दुसऱ्या, फार जुन्या नकाशाशी तंतोतंत जुळतो, हे त्या काळी पाहिलेले सत्य मी आजही विसरलेलो नाही.

आपल्या वेदान्ताला अनेक पात्रांत प्रतिबिंबित होणाऱ्या एका सूर्याचा दृष्टांत प्रिय आहे. पात्रे वाढल्याने सूर्याचे काही उणे होत नाही. पात्रातले पाणी गढूळ असले तर दोष पाण्याचा, बिंबाचा नव्हे. तारेवरच्या चित्राला हा दृष्टांत कित्येक वर्षे लागू पडत नव्हता, कारण तिथे प्रत्येक नवे पात्र उगमातूनच काही घेऊन जाई. अंकरूप चित्र आल्यावर, म्हणजे दृश्याचे शून्य आणि एक यांत रूपांतर होऊन ते तारेतून जाऊ लागल्यावर, तो दृष्टांत प्रथमच खरा झाला. प्रतीची प्रत काढली तरी ती मुळाइतकीच शुद्ध. पडदे चार असोत की आठ, एकाचे चित्र दुसऱ्यामुळे क्षीण होत नाही. मात्र त्याबरोबर एक नवा नियम आला, आणि त्या सायंकाळी शाळेत आमची गाठ त्याच नियमाशी पडली.

तारा जोडायला आला तो माझाच एक जुना विद्यार्थी. लग्नसमारंभात आणि सप्ताहात पडदे लावण्याचा त्याचा व्यवसाय. वर्गात तो मागच्या बाकावर बसे, पण तरंगांचा धडा चालू असला की मान वर काढी. त्याने मुख्याध्यापकांच्या टेबलावर तळहाताएवढी एक काळी धातूची पेटी ठेवली. तिला एका बाजूला एक तोंड, दुसऱ्या बाजूला चार. तिचे नाव एचडीएमआय स्प्लिटर. संगणकाची तार पहिल्या तोंडात, आणि चार तोंडांतून चार दिशांना चार तारा. जवळच्या वर्गाला साधी तार पुरली. सभागृह मात्र लांब होते, आणि तांब्याची एचडीएमआय तार दहापंधरा मीटरांपलीकडे भरवशाची राहत नाही. म्हणून तिथपर्यंत त्याने संगणकाच्या जाळ्याला वापरतात ती कॅट-सिक्स तार नेली आणि दोन्ही टोकांना एकेक लहान डबी लावली. तारा त्याने व्हरांड्याच्या छताखालून, खिळ्यांना सुतळीने बांधत नेल्या. मुलांच्या पायांत एकही येऊ दिली नाही. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना त्याने कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवून त्यांवर ठळक अक्षरांत 'सभागृह', 'आठवी', 'दहावी', 'पालक' असे लिहिले. हे चिठ्ठ्यांचे काम पाहून मला विशेष समाधान वाटले, कारण ऐन वेळी एक चित्र गेले की कोणती तार कोणाची हे शोधण्यातच सारा प्रसंग निघून जातो.

मग त्याने संगणक सुरू केला. चारही पडद्यांवर चित्र आले, पण दोन्ही वर्गांतल्या नव्या टीव्हींवर ते फुगल्यासारखे आणि अक्षरे बोथट. तो काही वेळ पेटीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, या जुन्या प्रोजेक्टरपायी साऱ्याच पडद्यांचं चित्र उतरलं. त्याले काढून टाकू का?"

झाले होते ते असे. अशा जोडणीत चित्र पाठवण्याआधी उगम प्रत्येक पडद्याला विचारतो, की तू काय दाखवू शकतोस; आणि प्रत्येक पडद्याच्या पोटात, निदान १२८ बाइटांच्या एका लहानशा टिपणात, त्याचे उत्तर लिहून ठेवलेले असते, की माझी रुंदी इतकी, उंची इतकी, सेकंदाला इतकी चित्रे. पडदा एकच असेल तर हा संवाद सरळ. चार असतील तर मधल्या पेटीला चौघांची उत्तरे घेऊन उगमाला एकच जबाब द्यावा लागतो, आणि त्या पेटीची रीत अशी होती, की जे चौघांनाही जमेल तेवढेच मागावे. नवे टीव्ही १९२० बाय १०८० ठिपक्यांचे होते. प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ चाच होता. म्हणून सर्वांना त्याच्याच मापाचे चित्र मिळाले. उपाय आहे, प्रोजेक्टरच्या आधी चित्राचे माप बदलणारे एक वेगळे यंत्र बसवले, तर बाकीच्यांना त्यांच्या मापाचे आणि त्याला त्याच्या मापाचे चित्र मिळते. पण ते यंत्र त्या दिवशी लोणारात नव्हते, आणायचे तर छत्रपती संभाजीनगरहून आणावे लागले असते, आणि तोवर विक्रम चंद्रावर उतरून गेले असते.

काही शिक्षकांचे मत पडले की प्रोजेक्टर काढावा. दहावीची मुले मोठी, विज्ञानाची गोडी असलेली, त्यांना तरी उत्तम चित्र दिसू द्यावे, आणि लहान मुलांना उद्या मोबाइलवर दाखवता येईल. हा विचार व्यवहाराला धरून होता, पण मला तो मान्य झाला नाही. सभागृहात पाचवी ते सातवीची मुले बसणार होती, संख्येने सर्वांत अधिक. त्यांना ते दृश्य उद्या दाखवणे म्हणजे ज्या क्षणासाठी त्यांना बोलावले तो क्षणच त्यांच्याकडून काढून घेणे. मी मुख्याध्यापकांना म्हणालो, की चित्र सर्वांना थोडे कमी मापाचे दिसले तरी चालेल, पण सर्वांना दिसले पाहिजे. त्यांनी क्षणभर विचार करून होकार दिला, आणि माझ्या विद्यार्थ्याने प्रोजेक्टरची तार, जी उपसायला तो वाकला होता, ती पुन्हा घट्ट बसवली.

त्याने मला आणखी एक गोष्ट दाखवली. प्रत्येक टीव्ही आलेले चित्र पडद्यावर मांडण्याआधी स्वतःशी काही संस्कार करतो, आणि त्यात सेकंदाचा दहावाविसावा भाग जातो; हा विलंब प्रत्येक कंपनीचा निराळा. डोळ्याला तो कळत नाही, कानाला कळतो. दोन शेजारच्या वर्गांतले टीव्ही मोठ्याने लावले तर एकाच वाक्याचे दोन उच्चार एकमेकांवर आदळून काहीच ऐकू येत नाही. म्हणून त्याने साऱ्या टीव्हींचे आवाज बंद करून संगणकाचा आवाज शाळेच्या प्रार्थनेच्या ध्वनिवर्धकाला जोडला. चित्रे चार, वाणी एक. सायंकाळची वीज जाण्याची भीती होतीच. ती पेटी, संगणक आणि इंटरनेटचा राउटर एवढ्यांना त्याने इन्व्हर्टरवर घेतले.

पावणेसहाला यानाचा वेग कमी करणारी इंजिने पेटली. त्या प्रक्षेपणात चंद्राचे प्रत्यक्ष दृश्य फारसे नव्हतेच, हे आठवणाऱ्यांना आठवेल. यानाकडून येणाऱ्या आकड्यांवरून संगणकाने रेखलेली एक वक्ररेषा, तिच्यावर हळूहळू सरकणारी यानाची खूण, आणि बाजूला उंची व वेग. पावणेचार लाख किलोमीटरांहून दुरून निघालेला तो संदेश सुमारे सव्वा सेकंदात पृथ्वीवर पोचत होता, बंगळूरला त्याची रेषा होत होती, आणि ती रेषा पुष्कळ वाटा ओलांडून आमच्या त्या तळहाताएवढ्या पेटीत येऊन चार पडद्यांवर उमटत होती. इतके दूरचे चित्र शेवटच्या तीस मीटरांत अडू नये, याचीच काय ती जबाबदारी आमच्याकडे होती. मी मुद्दाम व्हरांड्यात, वर्गांची आणि सभागृहाची दारे जिथून दिसतात तिथे उभा राहिलो. सहा वाजून चार मिनिटांनी ती खूण रेषेच्या टोकाला पोचली, आणि चारही पडद्यांसमोरून एकाच क्षणी, जणू एका कंठातून, आरोळी उठली. सभागृहातली लहान मुले, वर्गांतली मोठी, व्हरांड्यातल्या आया, कोणीही कोणाच्या आधी नाही, कोणीही कोणाच्या मागे नाही. गावातून मात्र आरोळ्या नंतर, तुटक तुटक येत राहिल्या. या घरातून आता, त्या घरातून दहा सेकंदांनी, पलीकडच्या आळीतून आणखी काही वेळाने.

त्या तुटक आरोळ्यांचे कारण सोपे आहे. यूट्यूबवर तो प्रसंग एकाच वेळी ऐंशी लाखांहून अधिक जोडण्यांवर पाहिला जात होता, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. पण त्या प्रत्येक जोडणीवर चित्र आधी थोडे साठवून मग दाखवले जाते, आणि हा साठा प्रत्येक मोबाइलवर निराळा असल्याने कोणी पाच सेकंद मागे, कोणी तीस. क्रिकेटचा सामना मोबाइलवर पाहताना शेजाऱ्याच्या घरातून आरोळी आली, की आपल्या पडद्यावर अजून चेंडूही पडलेला नसताना षटकार झाल्याचे आपल्याला कळते, हा अनुभव आता घरोघरचा आहे. आज प्रत्येकाच्या हातात पडदा आहे, त्यातले चित्र आमच्या त्या सायंकाळच्या चित्रापेक्षा कितीतरी सुबक आहे, आणि मला त्याविषयी मुळीच तिरस्कार नाही; खेड्यातल्या मुलीला जगातला कोणताही धडा पाहता यावा, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु एकत्र पाहण्यातला जो एकच क्षण, तो तिथे राहत नाही. तो हवा असेल तर अजूनही एका उगमाला तारेने अनेक पडदे जोडावे लागतात, आणि मधली पेटी कितीही लहान असली तरी तिच्यापाशी कोणी जाणत्याने बसावे लागते.

आमच्या भागात अशा जोडणीची सर्वांत मोठी जागा म्हणजे अखंड हरिनाम सप्ताह. सात दिवस पहाटेचा काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचे पारायण, सायंकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन आणि महाप्रसाद. गर्दी मंडपाबाहेर जाऊ लागली तेव्हा पुढाऱ्यांनी आधी कर्णे वाढवले, मग कॅमेरे आणि एलईडीचे पडदे आणले. कीर्तनात दृश्याचे महत्त्व मोठे आहे. बुवा अभंगाच्या चरणाशी थांबून हात उंचावतात, मागचे टाळकरी एका पावलीवर डोलतात, आणि पुढच्या रांगेतला एखादा म्हातारा डोळे पुसतो, हे सारे न पाहता केवळ ऐकणाऱ्याला कीर्तन निम्मेच मिळते. म्हणून पडद्याला नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. मला खटकते ते पडद्यांचे वाटप. दोन भव्य पडदे व्यासपीठाच्या दोन बाजूंना, जिथून बुवा डोळ्यांनीच स्वच्छ दिसतात, तिथे देणगीदारांच्या नावांसह झळकतात. आणि स्त्रियांचा मंडप, जो बहुधा कडेला व मागे असतो, आणि त्याच्याही मागे स्वयंपाकाचे सामान पडते तिथे बसलेल्या म्हाताऱ्या बायका, यांच्या वाट्याला एखादा घरगुती टीव्ही येतो, तोही लांबच्या तारेने अडखळणारा. वाड्याच्या चौकातल्या त्या मुंग्या आणि सावल्या गेल्या, यंत्रे बदलली, वाटपाची वहिवाट मात्र कायम राहिली.

नवरात्रात कमळजादेवीच्या दर्शनाला विवरात उतरण्याची शक्ती ज्यांच्या पायांत उरली नाही, त्या वृद्धांसाठीही एखादा पडदा वर गावात लावावा, असे पुष्कळांना वाटते आणि मलाही वाटते. तो गावातच असावा. खाली तळ्याकाठचे रान हे अभयारण्य आहे, तिथे तारांचे जाळे आणि पडद्यांचा लखलखाट नेऊ नये.

माझ्या विद्यार्थ्याला मी विचारले, की या कामात सर्वांत अवघड काय. तो म्हणाला, "तारा नाही सर. शेवटच्या पडद्याचे पैसे कोणी देत नाही." त्याच्या या उत्तरावर मला काही भर घालायची नाही. लोणारच्या आणि आसपासच्या गावांतल्या सप्ताह मंडळांना, नवरात्र मंडळांना आणि शाळांना माझे एवढेच सांगणे आहे, की पुढच्या वेळी पडद्यांचा ठराव करताना हिशेब मागच्या रांगेपासून मांडावा. चांगला पडदा आणि चांगली तार तिथे आधी द्यावी, मग उरलेल्या रकमेत पुढचे पडदे बसवावेत. आणि सारे जोडून झाल्यावर, पाहुणे येण्यापूर्वी, अध्यक्षांनी व्यासपीठावरून उतरून स्त्रियांच्या मंडपातल्या अगदी मागच्या सतरंजीवर पाच मिनिटे बसून चित्र पाहावे, आवाज ऐकावा, आणि मगच कीर्तन सुरू करायला सांगावे.